दोन रुग्णालयांमधला बाजार

युरोपच्या प्रवासाहून परतणाऱ्या आपल्या मंडळींच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पूर्वी आयफेल मनोरा, व्हॅटिकन आणि स्वित्झर्लंडचा बर्फ यांची वर्णने ऐकावयास मिळत. आता 'फूड वॉक' केला काय, असे एकमेकांस विचारले जाते. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून एका मार्गदर्शकासमवेत तीन-चार तास पायी हिंडावयाचे, पाच-सहा ठिकाणी थांबावयाचे, प्रत्येक ठिकाणी थोडेथोडे चाखावयाचे आणि त्या पदार्थाची कथा ऐकावयाची, असे त्याचे स्वरूप असते. आपण त्यास खाद्यफेरी म्हणू.

या खाद्यफेरीविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात. काहींच्या मते ही निव्वळ खादाडी असून तिला इतिहासाचा मुलामा दिला आहे. काहींना मात्र ती प्रवासातील सर्वांत रम्य आठवण वाटते. माझे मत या दोहोंहून निराळे आहे. शहर ओळखण्याचा खाद्यफेरीइतका चांगला मार्ग दुसरा नाही, असे मला वाटते. मात्र ज्या स्वरूपात ती आज बहुधा विकली जाते, त्या स्वरूपात ती अर्धीच असते. तिचा जो अर्धा भाग गळून पडला आहे, तो नेमका आपल्या व्यवसायाच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणूनच हा विषय वैद्यकांच्या स्मरणिकेत मांडावासा वाटला.

उदाहरणासाठी मी इटलीतील बोलोन्या हे शहर घेतो. एका परिषदेच्या निमित्ताने तेथे गेलो असता मी अशा दोन फेऱ्या केल्या. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीचे हे शहर तीन विशेषणांनी ओळखले जाते : 'ला दोत्ता', म्हणजे विद्यावती, 'ला ग्रास्सा', म्हणजे पुष्ट, आणि 'ला रोस्सा', म्हणजे तांबडी. तांबडी ही तिच्या विटांमुळे व कौलांमुळे, आणि पुढे तिच्या डाव्या राजकारणामुळेही. विद्यावती म्हणावयाचे कारण तेथील विद्यापीठ. त्याची स्थापना परंपरेने इ. स. १०८८ ची मानली जाते. खाद्यफेरीवाले या तिघींपैकी केवळ पुष्ट बहिणीशीच आपली गाठ घालून देतात, ही माझी मुख्य तक्रार.

पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या पूर्वेस क्वाद्रिलातेरो नावाचा चौकोनी बाजार आहे. मध्ययुगापासून तेथे व्यापारी पेठा आहेत आणि गल्ल्यांची नावे अद्याप धंद्यांवरूनच आहेत. व्हिया पेस्केरिए वेक्ये ही जुन्या मासळीबाजाराची गल्ली, द्राप्पेरिए ही कापडवाल्यांची आणि ओरेफिची ही सोनारांची. सोनारांच्या गल्लीला लागून खाद्यपदार्थांची दुकाने, हे दृश्य इंदूरकरास परके वाटण्याचे काहीच कारण नाही. याच भागातील एका बोळात ओस्तेरिया देल सोले नावाचे मद्यगृह १४६५ पासून चालू आहे. तेथे केवळ पेय विकले जाते. खाद्य आपण बाजारातून विकत घेऊन जावयाचे. बाजार आणि बैठक यांचे नाते इतक्या साधेपणाने सांगणारी दुसरी जागा मी पाहिली नाही.

खाद्यफेरीत जे चांगले आहे ते आधी मनमोकळेपणाने सांगितले पाहिजे. पुष्ट म्हणून मिरविणाऱ्या या शहराचे अन्न खरे पाहता शिस्तीवर उभे आहे, आणि ती शिस्त पुस्तकात वाचून नव्हे, तर दुकानात उभे राहूनच उमगते. मोर्तादेला हा तेथील डुकराच्या मांसाचा प्रसिद्ध पदार्थ. १६६१ मध्ये पोपच्या वतीने कारभार पाहणारे कार्डिनल फार्नेझे यांनी त्याच्या निर्मितीविषयी जाहीरनामा काढून भेसळीस आळा घातला. ताल्यातेल्ले नावाच्या पट्टीदार शेवयांची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातील आसिनेल्ली बुरुजाच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असे १९७२ मध्ये तेथील व्यापारी मंडळात नोंदविले गेले. तिचा सोन्याचा नमुनाही तेथे ठेवलेला आहे. तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती १९७४ मध्ये आणि रागू या मांसाच्या रश्श्याची १९८२ मध्ये अशीच नोंदविली गेली. रागूच्या कृतीत २०२३ मध्ये दुरुस्तीही झाली. जगभर 'स्पागेती बोलोन्येझे' म्हणून जे विकले जाते ते बोलोन्यात अस्तित्वातच नाही, हे सांगण्यासाठी २०१९ मध्ये तेथील महापौरांना जाहीर मोहीम उघडावी लागली. यातील विनोदाचा अंश सोडला, तरी एक मुद्दा उरतोच : अन्न ही सार्वजनिक जबाबदारीची बाब आहे, असे हे शहर शतकानुशतके मानीत आले आहे.

या शिस्तीतील एक प्रसंग तर कोणाही वैद्यकास खिळवून ठेवील. पार्मिजानो रेज्जानो या चीजचे एक चाक सुमारे चाळीस किलो वजनाचे असते आणि त्यास साडेपाचशे लिटरांच्या आसपास दूध लागते. किमान बारा महिने मुरल्यानंतर परीक्षक येतो, हातातील लहान हातोडीने चाकावर जागोजागी ठोके देतो आणि कान लावून ऐकतो. आत पोकळी अथवा चीर असेल, तर नाद बदलतो. परीक्षेत जे नापास होते, त्याच्या पाठीवरील नाममुद्रा खरवडून काढली जाते. आपण विद्यार्थिदशेत छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकावयास शिकलो, ते याहून निराळे काय होते? ती पद्धत १७६१ मध्ये जगापुढे मांडणारा आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि बापाची पिंपे ठोकून त्यातील पातळी ओळखण्याच्या रीतीतून ती त्यास सुचली, असे सांगतात. स्वयंपाकघर आणि रुग्णशय्या यांच्यात आपण समजतो तितके अंतर नाही.

'स्फोलीना' म्हणजे अंड्याच्या कणकेची पारी लाटणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या दुकानात उभे राहिले की आपल्याकडील स्त्रीवर्ग तर माना डोलावूनच पाहतो. जवळजवळ हातभर लांबीचे लाटणे, लाकडी पाट आणि दिवा धरला तर प्रकाश आरपार दिसेल इतकी पातळ पारी. हे कौशल्य आईकडून मुलीकडे येत गेले. येथेही चाखण्यापेक्षा पाहण्यातच अधिक मिळते.

आता गळालेल्या अर्ध्या भागाकडे वळतो. या बाजाराच्या पश्चिमेकडील कमानींखाली ज्या इमारतीत आज पुराणवस्तुसंग्रहालय आहे, तेथे पूर्वी 'ओस्पेदाले देल्ला मोर्ते' म्हणजे मृत्यूचे रुग्णालय होते. देहान्ताची शिक्षा झालेल्यांना अखेरच्या घटकेस धीर देणारा एक धार्मिक संघ ते चालवीत असे, म्हणून हे नाव. बाजाराच्या दुसऱ्या अंगास, व्हिया क्लावातुरे या गल्लीत, तेराव्या शतकात उगम पावलेले 'ओस्पेदाले देल्ला विता' म्हणजे जीवनाचे रुग्णालय होते. त्याचे देवालय आजही उभे आहे आणि त्यात निकोलो देल्लार्का याने घडविलेला, ख्रिस्ताच्या पार्थिवाभोवती आक्रोश करणाऱ्या स्त्रियांचा मातीचा शिल्पसमूह आहे. ही दोन्ही रुग्णालये १८०१ मध्ये एकत्र झाली. जीवन आणि मृत्यू या नावांच्या दोन रुग्णालयांमध्ये भाजीपाला, मासळी आणि मांस यांचा बाजार भरत होता! नगररचनेतील इतके बोलके वाक्य शोधूनही सापडणार नाही. माझ्या दोन्ही फेऱ्यांत या दोन्ही वास्तू वाटेत लागल्या आणि दोन्ही वेळा त्यांविषयी एक अक्षरही निघाले नाही. मी विचारले तेव्हा मार्गदर्शक तरुणीने हसून सांगितले, की ते आमच्या मार्गात बसत नाही.

मृत्यूच्या रुग्णालयापासून काही पावलांवर आर्किजिन्नासिओ ही १५६३ मधील विद्यापीठाची जुनी वास्तू आहे. तिच्यातील शरीरच्छेदनाचे सभागृह १६३७ पासूनचे. मधोमध संगमरवरी मेज, भोवती चढत्या पायऱ्यांची लाकडी आसने, भिंतींवर हिप्पोक्रेटिस आणि गेलन यांचे पुतळे. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बवर्षावात ते उद्ध्वस्त झाले आणि ढिगाऱ्यातून वेचलेल्या तुकड्यांच्या साहाय्याने पुन्हा उभारले गेले. याच शहरात मोंदिनोने चौदाव्या शतकाच्या आरंभी शरीरच्छेदन करून १३१६ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. याच शहरातून १६६१ मध्ये माल्पिगीने फुफ्फुसातील केशवाहिन्यांचा शोध प्रसिद्ध केला. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की मोर्तादेलाचा जाहीरनामाही १६६१ चाच. एकाच वर्षी, एकाच शहरात, एकीकडे मांसाची शुद्धता कायद्याने बांधली जात होती आणि दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची वाट उलगडत होती. हे सांगावयास मार्गदर्शकाला कितीसा वेळ लागेल?

त्याच सभागृहात गास्पारे ताल्याकोत्सी याचा लाकडी पुतळा आहे. त्याच्या हातात नाक आहे. दंडाच्या त्वचेपासून नवे नाक घडविण्याची रीत त्याने १५९७ च्या आपल्या ग्रंथात सचित्र मांडली. मराठी माणसाने या पुतळ्यासमोर थोडे अधिक थांबावे, कारण या कथेचा दुसरा अध्याय पुण्याचा आहे. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानास पुण्याजवळील एका विटा पाडणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसविले. ते वृत्त १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली. पुढे युरोपात जी विद्या रुजली ती ताल्याकोत्सीच्या दंडापेक्षा आपल्या कपाळाची अधिक ऋणी आहे.

कोणी म्हणेल, खाद्यफेरीत रुग्णालये आणि प्रेते कशाला? जेवताना असल्या गोष्टी काढू नयेत, असे आपल्या घरातही शिकवितात. परंतु मला वाटते, विद्यावती आणि पुष्ट या दोन बहिणी एकाच घरात वाढल्या. देशोदेशींचे विद्यार्थी आणि अध्यापक तेथे येऊन राहत. त्यांना रोज जेवू घालणारा बाजार नसता, तर विद्यापीठ टिकले नसते. विद्यापीठ नसते, तर बाजारालाही इतके गिऱ्हाईक मिळाले नसते. एकीला वगळून दुसरीची कथा सांगणे म्हणजे रुग्णाचा इतिहास न विचारता केवळ जीभ तपासण्यासारखे आहे.

वैद्यक म्हणून माझा दुसरा आक्षेप आरोग्याविषयीचा आहे. इटलीचे जेवण म्हणजे 'भूमध्य आहार' आणि भूमध्य आहार म्हणजे हृदयास पथ्यकर, अशी एक सोपी समजूत पर्यटकांत पसरली आहे आणि फेऱ्यांत ती सहसा खोडली जात नाही. बोलोन्याचे पारंपरिक अन्न मात्र लोणी, डुकराची चरबी, अंडी आणि मुरविलेले मांस यांचे आहे. भूमध्य आहाराची कल्पना ज्या संशोधनातून पुढे आली, त्या ॲन्सेल कीज यांच्या 'सात देशांच्या अभ्यासा'त इटलीतील जी गावे निवडली होती, त्यातील क्रेवाल्कोरे हे बोलोन्याच्याच परिसरातील आहे. तेथील मध्यमवयीन पुरुषांत हृदयरोगाने होणारे मृत्यू क्रीट बेटावरील पुरुषांपेक्षा बरेच अधिक आढळले, जरी फिनलंडच्या मानाने ते कमी होते. म्हणजे ज्या आहाराची कीर्ती सांगून मोर्तादेला विकला जातो, तो आहार दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्याचा. बोलोन्याच्या दुकानातील नव्हे. शिवाय २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसास कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम सेवनामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

याचा अर्थ तेथे जाऊन काही खाऊ नये, असा मुळीच नाही. तोर्तेल्लिनीचा रस्सा हे तेथील नाताळचे अन्न आहे. तेथील आजीने ते वर्षातून काही वेळा केले. आपण मात्र चार तासांत त्या घराचे सबंध वर्षभराचे सण गिळून टाकतो आणि त्यास परंपरा म्हणतो. दोष पदार्थाचा नसून त्या दाटीचा आहे. आपल्या रुग्णांना प्रवासापूर्वी दोन शब्द सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे. मुरविलेले मांस आणि चीज यांतील मीठ रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णास सोसत नाही. मधुमेहाची औषधे, विशेषतः सल्फोनिलयुरिया अथवा इन्सुलिन, घेणाऱ्याने पुढे खावयाचेच आहे म्हणून उपाशीपोटी निघून पहिल्याच थांब्यावर वाइन घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. शाकाहारी मंडळींनी हेही जाणून असावे, की पार्मिजानो रेज्जानोसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते आणि साध्या दिसणाऱ्या पियादिना या भाकरीत अनेकदा डुकराची चरबी असते. रिकोता चीज भरलेले तोर्तेल्लोनी मागावे, पण सारणात काय आहे ते नीट विचारूनच.

तिसरा आक्षेप श्रमिकांविषयीचा. बोलोन्याच्या शेजारील मोदेना येथे १७०० मध्ये रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या व्याधींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रुग्णास विचारावयाच्या प्रश्नांत, तुझा व्यवसाय कोणता, हा प्रश्न त्यानेच जोडला. पीठ उडून होणारी भटारखानेवाल्यांची दमछाक, त्यांचे रात्रीचे जागरण, कणीक मळून सुजणारे हात हे सारे त्याने लिहून ठेवले. आजच्या फेरीत पारी लाटणाऱ्या बाईचे छायाचित्र प्रत्येकजण घेतो. तिचे खांदे दुखतात काय, असे कोणी विचारीत नाही. रामाझ्झिनीच्या प्रदेशात तरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आणि शेवटचा आक्षेप त्या शहराच्या वतीने. बाजार जेव्हा रहिवाशांसाठी भरतो, तेव्हा तेथे कांदे, पालेभाजी, चपला आणि सुई-दोराही मिळतो. तो पाहुण्यांसाठी भरू लागला, की हळूहळू प्रत्येक दुकानात लाकडी फळीवर मांडलेले मांसाचे काप तेवढे उरतात. क्वाद्रिलातेरोतील मेजांची गर्दी पाहून मला हीच चिंता वाटली. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरते आणि विद्यार्थ्यांना खोल्या मिळेनाशा होतात. २०२३ च्या वसंतात इटलीतील अनेक विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांनी घरभाड्याविरुद्ध तंबू ठोकले. बोलोन्याही त्यास अपवाद नव्हते. नऊशे वर्षे ज्या विद्यार्थ्यांनी हा बाजार पोसला, त्यांनाच तो शहराबाहेर ढकलू लागला, तर पुष्ट बहिणीने विद्यावतीस घराबाहेर काढल्यासारखे होईल.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. पर्यटक सुट्टीवर आलेला असतो; त्यास शरीरशास्त्र, कर्करोग आणि घरभाडे यांवर व्याख्यान कशाला? मला हे पटत नाही. चार तासांपैकी पंधरा मिनिटे पुरतील. एक पदार्थ कमी करून त्या जागी एक वास्तू दाखवावी. चाखण्याचे घास लहान ठेवावेत. ज्या दुकानात रहिवासी स्वतः खरेदी करतात तेथेच थांबावे आणि मोठा जथा नेऊ नये. एवढ्याने आनंद कमी न होता उलट वाढेल, कारण माणसाला चव लक्षात राहते त्याहून अधिक काळ कथा लक्षात राहते.

हे मी बोलोन्याविषयी लिहिले, तरी वाचकांचे मन एव्हाना आपल्या सराफ्याकडे वळले असेल. दिवसा सोने आणि रात्री भुट्ट्याचा कीस, गराडू व जिलेबी, अशी दुहेरी कीर्ती असलेली ही पेठ पाहावयास बाहेरगावचे लोक येतात आणि तेथेही फेऱ्या होऊ लागल्या आहेत. त्यांचीही गत अर्ध्या फेरीसारखी होऊ नये, असे वाटत असेल, तर तिचा दुसरा अर्धा भाग आपल्यालाच पुरवावा लागेल. इंदुरात वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून चालू आहे. होळकरांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची स्वयंपाकघरे माळव्याच्या चवीशी कशी मिळतीजुळती झाली, हे सांगणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत. आपल्या संस्थेने वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, सभासद व त्यांच्या पाहुण्यांसाठी अशी एक फेरी काढावी, अशी माझी सूचना आहे. तिच्यात एक वैद्य, एक इतिहासाचा जाणकार आणि त्या पेठेतीलच एक जुना दुकानदार असावा. कढईपुढे रात्र काढणाऱ्या कारागिराचा रक्तदाब आणि रक्तशर्करा त्याच सायंकाळी विनामूल्य तपासावी. त्याच्या पदार्थाची स्तुती करण्यापूर्वी त्याची प्रकृती विचारावी.

रामाझ्झिनीचा प्रश्न आपण रोज दवाखान्यात विचारतो. तोच प्रश्न बाजारात जाऊन विचारण्यास आपणास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. या सूचनेचा विचार कार्यकारिणीने येत्या वार्षिक सभेत करावा, अशी विनंती आहे.